हलके ट्रेकिंग पोल कसे निवडावेत: ग्रॅमचा आकडा आणि त्यापुढचं सगळं

ट्रेकिंग पोल घ्यायला निघालेला माणूस सगळ्यात आधी वजन पाहतो. एका जोडीवर ३०० ग्रॅम लिहिलेलं दिसलं की शेजारची ४८० ग्रॅमची जोडी लगेच जड वाटू लागते. वजन महत्त्वाचं आहेच. पण त्या एका आकड्यातून दोन गोष्टी कळत नाहीत. जे वजन उरलंय ते पोलमध्ये नेमकं कुठे आहे? आणि जे कमी केलंय ते कशाला कात्री लावून कमी केलंय? नळीची जाडी, लांबी बदलायची सोय, मुठीखालचा फोम, पट्टे, टोक, यांपैकी काहीतरी गेलेलं असतं. गेलेली गोष्ट तुम्हाला लागणारी नसेल तर हलका पोल म्हणजे निव्वळ फायदा. लागणारी असेल तर नेमक्या अवघड उतारावर तिची उणीव भासते. निवडीचं सगळं गणित या दोन प्रश्नांभोवती फिरतं, म्हणून पुढचे मुद्देही त्याच क्रमाने घेतले आहेत.

आधी स्वतःची वाट ओळखा

पोलचा सर्वात मोठा उपयोग उतारावर होतो. १९९९ साली ‘जर्नल ऑफ स्पोर्ट्स सायन्सेस’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५ अंशांच्या उतारावर पोल घेऊन आणि पोलशिवाय चालणाऱ्यांच्या गुडघ्यांवर येणारा भार मोजला होता. पोल वापरल्यावर तो १२ ते २५ टक्क्यांनी कमी झाला. पाठीवर सॅक घेऊन तास-दोन तास उतरायचं असेल तर एवढा फरक गुडघ्यांना नक्की जाणवतो. मात्र हा फायदा मिळतो तो पोलवर खरोखर भार टाकल्यावर. नुसता टेकवत चालल्याने काही होत नाही. आणि भार टाकायचा असेल तर पोल तो पेलणारा हवा.

म्हणून दुकानात जाण्याआधी काही प्रश्नांची उत्तरं स्वतःशी स्पष्ट करून घ्या. तुमच्या वाटांवर तीव्र उतार किती असतात? सॅक दिवसभराची हलकी असते की मुक्कामाची जड? वाट मातीची आहे, मोठ्या दगडांची की घसाऱ्याची? मधेच दोन्ही हात वापरून चढावं लागतं का, म्हणजे पोल घडी करून सॅकमध्ये टाकावे लागतात का? तंबू पोलवर उभारणार आहात का? सपाट, मळलेल्या वाटेवर हलकी सॅक घेऊन चालणाऱ्याला सर्वात हलका पोल आनंदाने घेता येईल. जड सॅक घेऊन दगडधोंड्यांतून उतरणाऱ्याने तोच पोल घेतला तर त्याचा त्यावर भरवसा बसणार नाही, आणि भरवसा नसला की माणूस भार टाकत नाही.

वजनाचा आकडा वाचायचा कसा

पहिली खबरदारी: आकडा एका पोलचा आहे की जोडीचा, ते पाहा. काही कंपन्या एकाचं वजन देतात, काही दोघांचं. पट्टे, बास्केट (टोकाजवळची चकती) आणि रबरी टोप्या धरून वजन दिलंय की वगळून, हेही पाहा. ज्या पोलच्या वेगवेगळ्या लांबी मिळतात, त्यांत बहुतेकदा एकाच लांबीचं वजन छापलेलं असतं.

ढोबळ अंदाजासाठी हे लक्षात ठेवा. लांबी बदलता येणारी चांगल्या प्रतीची ॲल्युमिनियमची जोडी साधारण ४५० ते ६०० ग्रॅमच्या पट्ट्यात असते. कार्बनच्या हलक्या जोड्या ३०० ते ४०० ग्रॅमच्या आसपास मिळतात. डोंगरात पळणाऱ्यांसाठी बनवलेल्या, लांबी न बदलणाऱ्या जोड्या त्याहूनही खाली जातात. कार्बन लिहिलंय म्हणजे पोल हलकाच असेल असं धरून चालू नका. जाड भिंतीचा, कॉर्कची मूठ आणि लांबी पक्की धरणारा भक्कम लॉक असलेला कार्बन पोल वजनाला साध्या ॲल्युमिनियमच्या पोलइतका भरू शकतो, आणि घडीचा ॲल्युमिनियम पोल त्याच्यापेक्षा हलकाही असू शकतो.

आता मुद्दा वजन कुठे आहे याचा. चालताना पोल तुम्ही नुसता वाहून नेत नाही, प्रत्येक वेळी उचलून पुढे झुलवता. साधारण ७० सेंटिमीटरचं पाऊल धरलं तर एका किलोमीटरमध्ये प्रत्येक पोल सुमारे ७०० वेळा उचलला जातो. १५ किलोमीटरच्या दिवसात हा आकडा १० हजारांच्या वर जातो. एका पोलमागे ५० ग्रॅमचा फरक असेल तर दिवसअखेर एका हाताने, थोडं थोडं करून, ५०० किलो जास्त उचललेले असतात. खांदे आणि दंड का भरून येतात, ते यावरून समजेल.

पोल मनगटापाशी झुलतो, त्यामुळे मनगटापासून दूर असलेलं वजन जास्त जाणवतं. अंतर दुप्पट झालं की झुलवायला लागणारा जोर चौपट होतो. म्हणजे मुठीतले ३० ग्रॅम हाताला कळतही नाहीत, पण टोकाजवळ तेवढेच ३० ग्रॅम दिवसभर त्रास देतात. मुठीसाठी, पट्ट्यासाठी किंवा वरच्या लॉकसाठी थोडं वजन वाढत असेल तर बिनधास्त वाढू द्या. खालच्या नळीत आणि बास्केटमध्ये मात्र काटकसर करा. हे तपासायला वजनकाटा लागत नाही. पोल तुमच्या लांबीला लावा, एका बोटावर आडवा तोला आणि तोल कुठे साधतो ते पाहा. तो बिंदू मुठीच्या जितका जवळ, तितका पोल हातात हलका. मग पट्ट्यात हात घालून थोडं चालून पाहा. पोल पुढे जाऊन आपणहून जागेवर पडत असेल तर छान. मनगटाने ओढून आणावा लागत असेल तर छापलेला आकडा काहीही असो, तो पोल तुम्हाला जडच आहे.

ॲल्युमिनियम की कार्बन

या प्रश्नावर लोक तावातावाने भांडतात. माझ्या मते दोघांतला खरा फरक वजनाचा नाही, मोडण्याच्या पद्धतीचा आहे.

चांगल्या पोलमध्ये बहुतेकदा ७०७५ नावाचं ॲल्युमिनियमचं मिश्रधातू वापरतात. त्यात जस्त हा मुख्य मिश्रघटक असतो. दोन दगडांत पोल अडकला आणि तुमचा तोल एका बाजूला गेला, तर ॲल्युमिनियमची नळी आधी वाकते. वाकलेली नळी सावकाश थोडीफार सरळ करून दिवस काढता येतो. पूर्ण सरळ करायच्या नादात मात्र ती तडकते, म्हणून वापरण्याजोगी झाली की थांबावं. घरी आल्यावर तो भाग बदलावाच लागतो.

कार्बन फायबर लांबीच्या दिशेने अतिशय मजबूत असतं. वरून सरळ टाकलेला भार ते उत्तम पेलतं, शिवाय दगडावर टोक आपटल्यावर हाताला बसणारी झिणझिणही कमी होते. त्याचं वैर आहे ते आडव्या जोराशी आणि खोल ओरखड्याशी. दगडाच्या धारेने नळीवर खाच पडली की ताण त्या जागी साठतो, आणि पुढे कधीतरी, फारशी पूर्वसूचना न देता, पोल तिथेच तुटतो. तुटलेल्या कडेचे धागे सुयांसारखे हातात घुसतात, तेव्हा तुटका तुकडा उघड्या हाताने दाबू नका.

त्यामुळे माझा सल्ला असा. वाट दगडांची, सॅक जड आणि परतीचा रस्ता लांब असेल तर ॲल्युमिनियम घ्या, शंभरएक ग्रॅम जास्त गेले तरी चालतील. मळलेल्या वाटा, हलकी सॅक आणि दिवसाला मोठं अंतर असेल तर कार्बन. काही पोलमध्ये वरचे भाग कार्बनचे आणि सर्वात खालचा ॲल्युमिनियमचा असतो. दगडांचे घाव सोसतो तो खालचाच भाग, म्हणून ही जोडणी विचारपूर्वक केलेली आहे. वजन थोडं खाली सरकतं खरं, पण दगडाळ वाटेवर हा सौदा मला मान्य आहे.

लांबी: किती, आणि बदलायची की नाही

चालायचे बूट घालून सरळ उभे राहा. पोलचं टोक पायाशेजारी जमिनीवर ठेवा आणि मूठ धरा. कोपर काटकोनात आलं पाहिजे, दंड सैल हवा, खांदा उचललेला नको. पोल समोर नसेल तर उंचीला ०.६८ ने गुणा. १६० सेंटिमीटर उंचीला सुमारे १०९, १७० ला ११६ आणि १८० ला १२२ सेंटिमीटर येतात. ही सपाट वाटेवरची लांबी झाली. लांब चढावर ती ५ ते १० सेंटिमीटरने कमी करायची, उतारावर तेवढीच वाढवायची.

म्हणून बदलत्या लांबीचा पोल घेणार असाल तर तुमची उतारावरची लांबी त्याच्या कमाल लांबीच्या आत आरामात बसते का, ते पाहा. खालच्या नळ्यांवर थांबायची खूण असते. तिच्या पुढे नळी ओढली की आतली पकड अपुरी पडते आणि पोल मोडू शकतो. उंच माणसांचा घोळ इथेच होतो. सपाटीवर पोल बरोबर वाटतो आणि उतारावर वाढवायला जागाच उरत नाही. तीन भागांच्या पोलमध्ये खालचे दोन्ही भाग सारखेच बाहेर काढा, म्हणजे भार विभागला जातो.

ठरावीक लांबीचे पोल हलके असतात, कारण त्यांतून लॉक आणि एकात एक शिरणाऱ्या नळ्या गेलेल्या असतात. ते साधारण ५ किंवा १० सेंटिमीटरच्या फरकाने मिळतात. वाट सारखी चढ-उताराची असेल आणि दर थोड्या वेळाने थांबून लांबी बदलायचा तुम्हाला कंटाळा असेल, तर असा पोल चालतो. छोट्या चढावर मुठीखालचा फोम धरायचा, उतारावर तळवा मुठीच्या माथ्यावर ठेवायचा. पण पोलवर तंबू उभारायचा असेल तर तंबूला किती लांबी लागते ते आधी मोजा. अनेक हलक्या तंबूंना ती १२० ते १३० सेंटिमीटरच्या घरात लागते.

लॉक: इथे घाई करू नका

उतारावर पोल दबून आत गेला तर तोल पुढच्या बाजूला जातो. पडण्याच्या दृष्टीने हीच सर्वात वाईट दिशा. म्हणून लॉकला मी वजनापेक्षा वरचं स्थान देतो.

बाहेरून खटक्याने बंद होणारा लॉक सर्वात भरवशाचा. ब्लॅक डायमंड त्याला फ्लिकलॉक म्हणते, लेकी स्पीडलॉक. नावं वेगळी असली तरी तत्त्व एकच आहे: खटका मिटला की बाहेरची कडी नळीला आवळते. बंद आहे की उघडा, हे नजरेला दिसतं. हातमोजे घालून वापरता येतो. सैल झाला तर छोटा स्क्रू किंचित पिळून घट्ट होतो. हा स्क्रू हाताने फिरतो की त्याला पेचकस लागतो, ते घेतानाच पाहून ठेवा. खटका अंगठ्याच्या जोराने, थोडा विरोध करत बंद झाला पाहिजे.

नळी पिळून आतून घट्ट होणारा लॉक सर्वात हलका, आणि त्याचं बाहेर काही अडकतही नाही. पण आत माती आणि ओल गेली की पकड सुटू लागते, आणि थंड, ओल्या हातांनी तो पिळणं कठीण जातं. वेळोवेळी उघडून पुसायची तयारी असेल तरच तो घ्या.

तिसरा प्रकार घडीचा. तंबूच्या खांबासारखे तीन-चार तुकडे आतल्या दोरीने जोडलेले असतात. दोरी ताणली की एक छोटी कळ बाहेर येते आणि पोल ताठ होतो. घडी ३५ ते ४० सेंटिमीटरची होते, म्हणजे सॅकच्या आत मावते. साध्या तीन भागांच्या पोलची घडी ६० सेंटिमीटरच्या आसपास असते, ती सॅकबाहेर डोकावते आणि झाडीत अडकते. हाताने चढायचे टप्पे वारंवार येत असतील तर घडीचा पोल फार सोयीचा. त्याची उणी बाजू म्हणजे आतली दोरी तुटली की वाटेत दुरुस्ती जवळपास अशक्य असते, आणि जोडांत माती गेली की ते नीट बसत नाहीत.

कोणताही प्रकार असो, दुकानातच एक चाचणी करा. पोल तुमच्या लांबीला लावा, लॉक बंद करा, टोकाला रबरी टोपी घाला आणि मुठीवर दोन्ही तळवे ठेवून सरळ खाली, हळूहळू वाढवत, जमेल तेवढा भार टाका. नळी एक मिलिमीटरही सरकायला नको. जोडीतल्या दोन्ही पोलवर हे करा, कारण लॉक दोघांचे सारखेच लावलेले असतील असं नाही. मग मोकळ्या हवेत पोल झटका. जोड खुळखुळत असतील तर तो आवाज दिवसभर ऐकायची तयारी ठेवा, किंवा दुसरा पोल मागा.

मूठ आणि पट्टा

मुठीचे तीन प्रकार. कॉर्क घाम टिपतो आणि वापरता वापरता हाताच्या आकाराला बसतो. फोम सर्वात हलका आणि हाताला मऊ, पण धारदार दगडावर घासून झिजतो. रबर थंडीत बरं, उकाड्यात मात्र घामाने घसरतं आणि फोड आणतं. उष्ण हवेत चालणाऱ्याने रबर टाळावं, कॉर्क किंवा फोम घ्यावा. मूठ तुमच्या तळव्याच्या मापाची आहे का, तेही पाहा. लहान हातात जाड मूठ आली की बोटं लवकर दमतात.

मुख्य मुठीखाली नळीवर फोमचं लांब आवरण असतं, ते असलेला पोल शक्यतो निवडा. आडव्या वाटेवर डोंगराच्या बाजूचा हात थोडा खाली धरायला, आणि अचानक आलेल्या चार-सहा उंच पायऱ्यांवर लांबी न बदलता चढायला ते अतिशय उपयोगी पडतं. ते मुठीजवळच असल्यामुळे झुलताना त्याचं वजन जाणवत नाही.

पट्टा नीट वापरला तर पोल मुठीत आवळून धरावाच लागत नाही. हात पट्ट्यात खालून वर घाला, मग पट्ट्यासकट मूठ धरा. भार पट्ट्यावरून मनगटाकडे जातो आणि बोटं सैल राहतात. वजन वाचवायला काही पोलमधून पट्टेच काढलेले असतात. दिवसभर बोटांनी मूठ आवळण्याचे कष्ट पाहता ती बचत मला पटत नाही. पट्टा रुंद, मऊ कडांचा आणि सहज कमी-जास्त होणारा हवा. काही जोड्यांत डावा-उजवा वेगळा असतो, तशी खूण शोधा. एक गोष्ट कटाक्षाने पाळा: मोठ्या दगडांतून उतरताना आणि पाण्याचा प्रवाह ओलांडताना हात पट्ट्यातून बाहेर ठेवा. पोल अडकला आणि हात पट्ट्यात राहिला तर अंगठ्याचा सांधा दुखावतो, पाण्यात तर जिवावर बेतू शकतं.

टोक, बास्केट आणि स्प्रिंग

टोक टंगस्टन कार्बाइडचं असावं. ते अतिशय कठीण असतं आणि दगडावर पकड घेतं. रबरी टोप्या सोबत मिळतात. गुळगुळीत फरशीवर, डांबरी रस्त्यावर आणि सॅकमध्ये ठेवताना त्या घाला. ओल्या मातीच्या चढावर काढून टाका, तिथे त्या घसरतात. बास्केट म्हणजे टोकाच्या वरची प्लास्टिकची चकती. मातीसाठी लहान पुरते, मोठी बर्फासाठी आणि दलदलीसाठी. उगाच मोठी चकती लावून फिरलात तर वजन नेमकं नको त्या जागी वाढतं. चकती पिळून काढता येते का आणि सुटे भाग वेगळे मिळतात का, याची चौकशी करून घ्या. वर्षानुवर्षं वापरायच्या पोलसाठी सुट्या भागांची सोय मला दहा-वीस ग्रॅमपेक्षा मोलाची वाटते.

धक्का शोषणारी स्प्रिंग हलक्या पोलमध्ये शक्यतो नको. तिने वजन वाढतं, आणखी एक बिघडणारा भाग येतो आणि चढावर जोर लावताना पोल थोडा आत जातो. मनगटाचं किंवा कोपराचं जुनं दुखणं असेल, तर मात्र वापरून पाहायला हरकत नाही.

घेतल्यानंतर

पहिल्या मोठ्या ट्रेकला निघण्याआधी जवळच्या एखाद्या चढ-उतारावर पोल घेऊन चाला. डावा पाय पुढे तेव्हा उजवा पोल पुढे. चढावर पोल शरीराजवळ टेकवून मागे रेटायचा, उतारावर थोडा पुढे टेकवून मग पाऊल टाकायचं. फार पुढे टेकवलात तर शरीर पोलवर लोंबकळतं. सपाट, सोप्या वाटेवर पोल अधूनमधून बाजूलाही ठेवावेत. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या वैद्यकीय आयोगाने सततच्या वापराने तोल सांभाळण्याची स्वतःची क्षमता कमी होऊ शकते, असा इशारा दिला आहे. अरुंद धारेवर तर ती क्षमताच उपयोगी पडते. विजांचा कडकडाट सुरू झाला तर पोल अंगापासून दूर ठेवा. ॲल्युमिनियमइतकी नसली तरी कार्बनमधूनही वीज वाहते.

पोलवर मुठीखाली कापडी चिकटपट्टीचे काही वेढे गुंडाळून ठेवा. पोल तुटलाच तर तंबूची खुंटी आडवी लावून ती पट्टी घट्ट गुंडाळायची. भार टाकायला नाही, पण टेकवत परत यायला तेवढं पुरतं. विमानप्रवासात पोल केबिनमध्ये नेताना अडवले जाऊ शकतात, ते चेक-इनच्या सामानात टाका.

परत आल्यावर नळ्या सुट्या करा, कोरड्या फडक्याने पुसा आणि रात्रभर तशाच वाळू द्या. ओल्या नळ्या एकात एक घालून ठेवल्या की ॲल्युमिनियमवर पांढरा थर चढतो आणि त्या अडकून बसतात. आत तेल किंवा ग्रीस अजिबात नको, लॉकची पकड जाते. कार्बनच्या नळीवरून नख फिरवा. ओरखड्यात नख अडकलं तर तो भाग बदला. टोक झिजून बोथट झालं असेल तर प्लास्टिकच्या टोकाचा भाग काही मिनिटं उकळत्या पाण्यात धरा, पकडीने ओढून काढा, नवीन टोक नळीवर बसवा आणि पोल कडक जमिनीवर काही वेळा सरळ आपटा. जुनं टोक निघताना नळी पकडीत धरू नका, विशेषतः कार्बनची. नळी हातात धरायची, पकड फक्त प्लास्टिकवर.